पिटबुल दत्तक घ्यायचा विचार आहे? वस्तीवर आणण्याआधी या गोष्टी समजून घ्या

बारामती आणि इंदापूर तालुक्यात कुत्रं नसलेली वस्ती शोधावी लागेल. उसाचे फड, द्राक्षबागा, गोठे आणि एकमेकांपासून लांब लांब असलेली घरं. रात्री बांधावर कुणी आलं तर ते आधी कुत्र्याला कळतं, मग माणसाला. पण गेल्या काही वर्षांत राखणीच्या गावठी कुत्र्याच्या जोडीला, काही ठिकाणी तर त्याच्या जागीच, पिटबुल, पाकिस्तानी बुली, रॉटवायलर अशी नावं ऐकू येऊ लागली आहेत.

रील्समध्ये रुंद छातीचा, साखळी ताणणारा पिटबुल भारी दिसतो. पिल्लू घरी येतं. वर्षभरात ते पंचवीस-तीस किलोचं होतं, कोंबडी मारतं, शेजारच्या कुत्र्याला फाडतं किंवा नुसतंच आवरेनासं होतं. मग ते कायमचं साखळीला बांधलं जातं, नाहीतर एका रात्री गाडीत घालून लांब कुठेतरी सोडून दिलं जातं.

अशा कुत्र्याला वाचवता येतं का? दत्तक घेता येतं का? आणि घ्यावं का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकेक करून पाहू.

थोडक्यात महत्त्वाचं

- महाराष्ट्रात पिटबुल पाळण्यावर सरसकट बंदी घालणारा राज्याचा कायदा नाही. पण कुत्र्याने कुणाला इजा केली तर मालकावर फौजदारी गुन्हा दाखल होतो.
- कुत्रं सोडून देणं हा गुन्हा आहे. कुत्र्यांची झुंज लावणं हाही गुन्हा आहे.
- बेवारस पिटबुल दिसला तर स्वतः पकडायला जाऊ नका.
- दत्तक घेण्याआधी निर्बीजीकरण, लसीकरण आणि स्वभावाची तपासणी झालीच पाहिजे.
- घरात लहान मुलं असतील किंवा दिवसभर कुणी घरी नसेल, तर प्रौढ पिटबुल घेण्याआधी दहादा विचार करा.

पिटबुल म्हणजे नेमकं कोणतं कुत्रं?

पिटबुल हे एकाच जातीचं नाव आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या नावाखाली अमेरिकन पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि यांचे असंख्य संकर येतात. रुंद डोकं, आखूड केस आणि भरलेली छाती दिसली की लोक त्याला पिटबुल म्हणून मोकळे होतात.

या कुत्र्यांचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. तिथे बांधलेल्या बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ चालायचा. १८३५ च्या कायद्याने तो बंद झाला. मग लोक खड्ड्यात उंदीर सोडून त्यांच्यावर कुत्री सोडायला लागले आणि कुत्र्यांच्या झुंजी लावू लागले. त्या खड्ड्याला इंग्रजीत 'पिट' म्हणतात. बुलडॉगची ताकद आणि टेरियरची चपळाई एकत्र यावी म्हणून दोघांचा संकर केला गेला. पुढे ही कुत्री अमेरिकेत गेली आणि १८९८ मध्ये तिथल्या युनायटेड केनेल क्लबने अमेरिकन पिटबुल टेरियर या नावाने त्यांची नोंदणी सुरू केली. जागतिक पातळीवरची 'एफसीआय' ही संघटना मात्र या जातीला आजही मान्यता देत नाही.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच 'पिटबुल' पिल्लांना ना वंशावळीचा कागद असतो, ना आई-वडिलांची माहिती. त्यामुळे नुसतं दिसण्यावरून जात ठरवणं धोक्याचं आहे. अमेरिकेतल्या निवाऱ्यांमध्ये झालेल्या अभ्यासांतही असंच दिसलं. तिथल्या अनुभवी कर्मचाऱ्यांनी नजरेने ठरवलेली जात आणि डीएनए चाचणीत निघालेली जात यांत मोठी तफावत होती.

तो जन्मजात हिंस्र असतो का?

या प्रश्नावर सोशल मीडियात दोन टोकं आहेत. एक म्हणतं, 'हा कुत्रा नाही, राक्षस आहे.' दुसरं म्हणतं, 'कुत्रा कधीच वाईट नसतो, मालक वाईट असतो.' दोन्ही अर्धवट आहेत.

आधी विज्ञान. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली गेली. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण ९ टक्केच भाग जातीवरून सांगता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे जात बघून एखादं कुत्रं माणसावर धावून जाईल की नाही, हे ठरवता येत नाही.

पण याचा अर्थ 'काहीच धोका नाही' असाही नाही. पिटबुलच्या पूर्वजांची निवड झुंजीसाठी झाली होती. त्यामुळे यातली काही कुत्री दुसऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत लवकर पेटतात आणि एकदा पकड घेतली की सहज सोडत नाहीत. अंगात ताकद भरपूर असते. गावठी कुत्र्याने घाबरून घेतलेला चावा आणि पिटबुलने धरून झटकलेला चावा यांच्या जखमेत फरक पडतो. प्रश्न स्वभावाइतकाच इजेच्या तीव्रतेचाही आहे.

आपल्या देशातल्या घटना हेच सांगतात:

- जुलै २०२२ मध्ये लखनऊत ८२ वर्षांच्या महिलेचा घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला.
- ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यातल्या हणजूण परिसरात सात वर्षांच्या मुलाचा पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला.
- जुलै २०२५ मध्ये मुंबईतल्या मानखुर्दमध्ये रिक्षात बसलेल्या ११ वर्षांच्या मुलाला पिटबुल चावला. त्या वेळी मालक हसत असल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.

मानखुर्दच्या प्रकरणात कुत्र्यापेक्षा माणसाबद्दल लोकांना जास्त संताप आला आणि तो रास्तच होता.

झुंजीतून सुटलेली कुत्री सुधारू शकतात का?

याचं सर्वात जास्त अभ्यासलं गेलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया राज्यात मायकल व्हिक या प्रसिद्ध फुटबॉलपटूच्या मालमत्तेवर पोलिसांनी छापा टाकला. तिथे कुत्र्यांच्या झुंजीचा अड्डा चालत होता. पन्नासच्या आसपास पिटबुल जप्त झाले. व्हिकला २३ महिन्यांची शिक्षा झाली.

तोपर्यंतची रीत अशी होती की झुंजीतली कुत्री सुधारत नाहीत, म्हणून सरसकट मारून टाकायची. या प्रकरणात मात्र न्यायालयाने प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी करायला लावली. तज्ज्ञांच्या पथकाने एकेक कुत्रं पाहिलं. माणसांवरच्या आक्रमकतेमुळे फक्त एका कुत्रीला मारण्याचा निर्णय झाला. उरलेल्यांपैकी बहुतेक कुत्री संस्थांकडे गेली. सर्वात अवघड वाटलेली २२ कुत्री युटा राज्यातल्या 'बेस्ट फ्रेंड्स' या संस्थेने घेतली. अनेकांना पुढे घरं मिळाली, काही आयुष्यभर संस्थेतच राहिली. त्यांच्या देखभालीसाठी व्हिकला सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर भरावे लागले.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, कुत्र्याला जातीवरून नाही तर एकेकट्याने तपासायचं. दुसरी, सुधारणेला पैसा, वेळ आणि जाणकार माणसं लागतात. 'प्रेम दिलं की सगळं ठीक होतं' एवढ्यावर ती कुत्री सुधारली नव्हती.

भारतात पिटबुलवर बंदी आहे की नाही?

व्हॉट्सअॅपवर याबद्दल सर्वात जास्त गोंधळ आहे. घटनाक्रम असा:

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना एक पत्र पाठवलं. पिटबुल टेरियर, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो अशा २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, आणि आधीच पाळलेल्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण करावं, असं त्यात म्हटलं होतं.

या पत्राला लगेच न्यायालयात आव्हान मिळालं. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. संबंधित लोकांचं म्हणणं न ऐकताच निर्णय घेतला, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. त्यानंतर केंद्राने लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या.

दरम्यान काही शहरांनी स्वतःचे नियम केले. गाझियाबाद महापालिकेने २०२२ मध्येच पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळण्यावर निर्बंध घातले. गोव्यात हिंस्र ठरवलेल्या प्राण्यांच्या पैदाशीला आणि पाळण्याला चाप लावणारं विधेयक २०२५ मध्ये विधानसभेत आलं. म्हणून नियम गावानुसार बदलू शकतात. बारामतीत किंवा इंदापुरात राहत असाल तर नगरपरिषदेत, आणि वाडी-वस्तीवर असाल तर ग्रामपंचायतीत, पाळीव कुत्र्यांच्या नोंदणीबद्दल आधी विचारून घ्या.

बंदी असो वा नसो, पुढचे कायदे सगळीकडे लागू आहेत:

- भारतीय न्याय संहिता, कलम २९१: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- भारतीय न्याय संहिता, कलम ३२५: प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद.
- प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०, कलम ११: उपासमार होईल अशा अवस्थेत प्राण्याला सोडून देणं, झुंज लावणं, अवयव छाटणं हे सगळं गुन्हा आहे. आखूड किंवा जड साखळीला तासन् तास बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं, हेही या कलमात स्पष्ट लिहिलं आहे.
- प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३: पाळीव प्राण्याचं लसीकरण, जंतनाशक आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी.

१९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती आहे माहीत आहे? १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वीचा आकडा तसाच राहिला आहे. कुत्रं रस्त्यात सोडून देणाऱ्याला कायद्याची भीती का वाटत नाही, ते यावरून कळतं.

ही कुत्री रस्त्यावर येतात कशी?

वाट साधारण ठरलेली असते. हौसेने पिल्लू घेतलं जातं. 'माणसाळला तर राखण करणार नाही' म्हणून त्याला लोकांत मिसळू दिलं जात नाही. कुत्र्याच्या पिल्लाचे तीन ते चौदा आठवड्यांचे दिवस फार महत्त्वाचे असतात. या काळात त्याने वेगवेगळी माणसं, मुलं, जनावरं, आवाज पाहिले नाहीत, तर पुढे ते प्रत्येक नव्या गोष्टीला घाबरतं. घाबरलेलं कुत्रं पळतं. पळायला जागा नसेल, म्हणजे साखळीला बांधलेलं असेल, तर ते चावतं. त्या चाव्यानंतर घरात भांडणं होतात आणि कुत्रं बाहेर जातं.

लखनऊची घटना, गाझियाबादचे निर्बंध, केंद्राचं पत्र अशा प्रत्येक बातमीनंतर अनेक शहरांत पिटबुल आणि रॉटवायलर सोडून दिल्याच्या तक्रारी पुढे आल्या. म्हणजे बंदीच्या नुसत्या बातमीनेही कुत्री रस्त्यावर येतात.

आपल्या भागात आणखी एक कारण दिलं जातं, ते म्हणजे बिबट्या. 'बिबट्या आला तर पिटबुल बघून घेईल' हा समज चुकीचा आहे. पश्चिम महाराष्ट्रात, नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला. त्यात बिबट्याच्या आहाराचा सर्वात मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं, मग ते कोणत्याही जातीचं असो, बिबट्यासाठी आयतं भक्ष्य ठरतं. त्याला रात्री बंद आणि मजबूत जागेतच ठेवलं पाहिजे.

माळावर सोडलं तर काय बिघडतं?

बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. शिर्सुफळचं आणि इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडीचं माळरान आता गवताळ सफारीसाठी ओळखलं जातं. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस यांची ही घरं आहेत.

'माळावर सोडलं की जगेल कसंही' असा विचार करून इथे कुत्रं सोडलं तर तीन गोष्टी होतात. ते चिंकाराच्या पाडसांमागे आणि मेंढ्यांमागे लागतं. त्याच्यासोबत डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीजसारखे आजार वन्यप्राण्यांपर्यंत पोचतात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे लांडग्यांशी संकर. पुणे जिल्ह्याच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे.

कुत्र्याचंही भलं होत नाही. घरात वाढलेल्या पिटबुलला माळावर शिकार साधत नाही. तो उपाशी फिरतो, मेंढपाळाच्या कुत्र्यांशी भिडतो, नाहीतर हायवेवर गाडीखाली येतो.

बेवारस पिटबुल दिसला तर काय करायचं?

1. लांब थांबा. जवळ जाऊ नका, हातातून खायला देऊ नका, डोळ्यांत डोळे घालून बघू नका. पळूही नका. हळू मागे सरका.
2. मुलांना आणि बाकीच्या कुत्र्यांना आत घ्या. काठी, दगड घेऊन गर्दी केली तर घाबरलेलं कुत्रं हल्ला करण्याची शक्यता वाढते.
3. लांबून निरीक्षण करा. गळ्यात पट्टा आहे का? लंगडतोय का? तोंडातून लाळ गळतेय का, तोल जातोय का? ही शेवटची लक्षणं रेबीजची असू शकतात.
4. फोन करा. माणसांना धोका असेल तर ११२. जखमी असेल तर पशुसंवर्धन विभागाची १९६२ ही टोल फ्री सेवा किंवा जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या संस्था अनेक वर्षं हे काम करतात. पण बारामती त्यांच्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि इंदापूर त्याहून लांब. गाडी लगेच येईल असं धरून चालू नका.
5. शक्य असेल तर कोंडून ठेवा, पकडू नका. कुत्रं रिकाम्या गोठ्यात किंवा आवारात गेलं असेल तर लांबून फाटक लावून घ्या. पाण्याचं भांडं आत सरकवा आणि मदतीची वाट बघा.
6. झुंजीच्या खुणा दिसल्या तर पोलिसांत कळवा. तोंडावर, मानेवर आणि पुढच्या पायांवर जुन्या-नव्या जखमांचे वण, कापलेले कान, जड साखळीचे घट्टे या त्या खुणा. फोटो आणि वेळ नोंदवून ठेवा.

पोस्ट टाकताना: सोशल मीडियावर मदत मागा, पण कुत्र्याचं नेमकं ठिकाण जाहीर लिहू नका. निर्बीजीकरण न झालेला पिटबुल फुकट मिळतोय म्हटलं की पैदास करणारे आणि झुंजी लावणारेही 'दत्तक घेतो' म्हणत येतात. तालुका लिहा, नेमकी जागा फक्त खात्रीच्या माणसाला सांगा. 'आधी गाडीभाडं पाठवा' म्हणणाऱ्या अनोळखी खात्यांवर पैसे पाठवू नका.

शेजारी बांधलेला कुत्रा हाल सोसत असेल तर?

प्रत्येक वेळी थेट तक्रार हा उपाय नसतो. गावात उद्याही एकमेकांची तोंडं बघायची असतात. 'तात्या, तुमचा कुत्रा उन्हात आहे, सावलीत बांधायचा का? मी पाणी ठेवू का?' इथून सुरुवात करा. बऱ्याचदा मालकाला कुत्रं नकोसं झालेलं असतं, पण कुणाला द्यायचं ते कळत नसतं. 'तुम्हाला जमत नसेल तर चांगलं घर बघू' असं म्हटलं की तो मोकळा होतो. कुत्रं ताब्यात घेताना मालकाकडून लिहून घ्या, लसीचं पुस्तक मागा आणि आधी कुणाला चावलं आहे का हे स्पष्ट विचारा. इतकं करूनही हाल थांबले नाहीत, तर पोलीस आणि जिल्ह्याची प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था आहेच.

दत्तक घेण्याआधी काय तपासायचं?

- पशुवैद्यकाची तपासणी: रेबीजची लस, पार्व्हो-डिस्टेंपरची लस, जंतनाशक, निर्बीजीकरण. आपल्या भागात गोचिडांमुळे होणारे रक्ताचे आजार नेहमी आढळतात, म्हणून रक्ततपासणी जरूर करा. पिटबुलमध्ये खरूज आणि त्वचेची अॅलर्जीही जास्त दिसते.
- स्वभावाची तपासणी: खाताना जवळ माणूस आला तर काय करतो? अनोळखी माणूस, मूल, दुसरं कुत्रं, कोंबडी, शेळी समोर आली तर? हे एकाच भेटीत कळत नाही. निदान तीन-चार वेळा, वेगवेगळ्या वेळी जाऊन बघा.
- इतिहास: किती घरं बदलली? का बदलली? चावला असेल तर कुणाला, कशामुळे?
- कागद: दत्तकपत्र, ओळखपत्राची प्रत आणि 'जमलं नाही तर कुत्रं परत द्यायचं' ही अट. चांगली संस्था स्वतःहून ही अट घालते आणि घर बघायलाही येते. त्याचा राग मानू नका.

कुणी घेऊ नये?

स्पष्टच सांगायचं तर घरात लहान मूल असेल, आवाराला कुंपण नसेल, कोंबड्या-शेळ्या मोकळ्या फिरत असतील, भाड्याचं घर असेल आणि घरमालकाची परवानगी नसेल, किंवा घरातला एक जरी माणूस विरोधात असेल, तर थांबा. एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसानेही विचार करावा. दिवसाचे बारा तास कोंडलेला पिटबुल बिघडायला वेळ लागत नाही.

आयुष्यातलं पहिलंच कुत्रं म्हणून पिटबुल नको, हा सल्ला अनुभवी लोक देतात, तो यासाठीच. तुमचं घर बसत नसेल तरी मदतीचे इतर मार्ग आहेत. उपचाराचा खर्च उचला, गाडी द्या, निवाऱ्याला खाद्य द्या.

घरी आणल्यावर पहिले तीन महिने

दत्तक कुत्र्यांसाठी 'तीन-तीन-तीन' असा ढोबळ हिशोब सांगितला जातो. पहिले तीन दिवस ते भांबावलेलं असतं. तीन आठवड्यांत घराची सवय लागते. तीन महिन्यांत खरा स्वभाव बाहेर येतो. म्हणून पहिल्याच दिवशी पाहुणे, फोटो, रील नको. एक शांत कोपरा, ठरलेली वेळ, ठरलेली दोन माणसं एवढंच असू द्या.

फिरवणं: रोज सकाळ-संध्याकाळ, मजबूत पट्ट्याने, मोठ्या माणसानेच. बाहेर नेताना जाळीचं मुसकं घाला. त्यातून कुत्र्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. मुसक्याची सवय खाऊ देऊन हळूहळू लावा. मुसकं ही शिक्षा नाही, कुत्र्यावर आळ येऊ नये म्हणून घेतलेली काळजी आहे.

ऊन: मार्च ते मे दुपारी अजिबात बाहेर नको. पत्र्याच्या शेडखाली बांधू नका, तिथे उष्माघात होतो. जोरात धाप, लाल हिरड्या, अडखळती चाल दिसली तर सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता आणि लगेच डॉक्टर गाठा.

खाणं: नुसत्या दूध-भाकरीवर या कुत्र्याचं भागत नाही. अंडी, चिकन, भात, भाज्या किंवा चांगलं तयार खाद्य लागतं. शिजवलेली हाडं देऊ नका, ती तुटून आतड्यात घुसतात. आपल्याकडची खास काळजी म्हणजे द्राक्षं आणि मनुके. कुत्र्याची किडनी त्याने निकामी होऊ शकते. छाटणीनंतर बागेत पडलेले घड त्याच्या तोंडाशी येणार नाहीत, हे बघा. कांदा आणि चॉकलेटही नको. उसात टाकलेली कीटकनाशकं आणि उंदराचं औषध कुलूपबंद ठेवा.

शिकवणं: मारून, उपाशी ठेवून, मिरची खायला घालून कुत्रं शूर होत नाही, बेभरवशाचं होतं. चांगलं वागलं की खाऊ आणि शाबासकी, हीच पद्धत टिकते.

मुलं: पिटबुलला आणि मुलाला एका खोलीत एकटं सोडायचं नाही, एक मिनिटही नाही. खाताना, झोपेत असताना कुत्र्याला हात लावायचा नाही, हे मुलांना आधी शिकवा. हा नियम खरं तर प्रत्येक जातीच्या कुत्र्याला लागू आहे.

चावलाच तर?

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लगेच सरकारी रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं. डॉक्टरांनी दिलेल्या सगळ्या तारखांना डोस पूर्ण करा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी दवाखान्यात जायचंच. कुत्र्याला मारून टाकू नका. त्याला बांधून दहा दिवस लक्ष ठेवावं लागतं, कारण त्यावरून रेबीजचा अंदाज येतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पिटबुलचा जबडा लॉक होतो का?
नाही. त्याच्या जबड्यात असं कुठलंही कुलूप नसतं. तो पकड सोडत नाही, हा स्वभावाचा आणि ताकदीचा भाग आहे.

नसबंदी केली की राखण सोडतो का?
नाही. मादीच्या मागे भटकणं आणि त्यावरून होणारी भांडणं कमी होतात. भुंकणं, घर ओळखणं तसंच राहतं. पण नसबंदी हा आक्रमकतेवरचा हमखास इलाजही नाही, शिकवावं लागतंच.

राखणीलाच कुत्रं हवं असेल तर?
गावठी कुत्रं घ्या. आपल्या उन्हाला सरावलेलं, कमी आजारी पडणारं आणि कमी खर्चाचं असतं. राखणीसाठी कुत्र्याने भुंकून जागं करणं पुरेसं असतं, कुणाला फाडण्याची गरज नसते.

ब्रीडरकडून पिल्लू घेतलं तर काय हरकत?
निवाऱ्यांमध्ये जागा नसताना विकत घेतलेलं प्रत्येक पिल्लू पुढच्या पैदाशीला पैसा पुरवतं. पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी २०१७ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. नोंदणी दाखवा म्हटल्यावर जो टाळाटाळ करतो, त्याच्या दारातून परत फिरा.

पिटबुल दहा-बारा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो. आज घरात दहावीला असलेलं मूल नोकरीला लागेपर्यंत तो तुमच्यासोबत असेल. तेवढा काळ रोज त्याला फिरवायला कोण नेणार, गावाला गेलात तर कुठे ठेवणार आणि दवाखान्याचा खर्च कोण करणार, या तीन प्रश्नांची उत्तरं घरातल्या सगळ्यांनी बसून आधी ठरवा. उत्तरं मिळाली तरच फोन लावा.